शहादेवच्या नावावर

मी नाव पुकारलं, "शहादेव सोपान मुळे," आणि दोघं उठले. आधी उठला तो मागच्या बाकावरचा, काटकुळा, भुवया जळून विरळ झालेला माणूस. आपलं नाव कानावर पडल्यावर कुणीही उठतो तसा तो उठला, हातातला चहाचा कप खाली ठेवून एक पाऊल पुढे आला आणि मग थबकला. दुसरा दाराजवळच्या खुर्चीत मोबाइल बघत बसला होता, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला. तो जरा उशिराने उठला. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये हशा पिकला. "बस बे जाकीर, आज खरा शहादेव आलाय," कुणीतरी म्हणालं आणि हशा पुन्हा उसळला. पहिल्याने मान खाली घातली, तो परत जाऊन बसला आणि त्याने कप उचलला, पण चहा प्यायला नाही. मी हसले नाही. माझ्या हातातल्या टॅबवर पांढऱ्या शर्टाचा फोटो होता, त्याखाली नाव आणि नावाखाली मी स्वतः निवडलेल्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं: वेल्डर, बॉयलर विभाग, अनुभव चौदा वर्षं. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. मऊ, गोरटेले, अंगठी घातलेले हात होते. जिन्याची पायरी संपली असं समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं झालं.

आमची कंपनी पुण्यात आहे. आम्ही जे बनवतो आहोत ते अजून बनलेलं नाही. विजयसिंह, म्हणजे आमचे साहेब, त्याला मोठ्या प्रेमाने 'प्रोटोटाइप' म्हणतात आणि मी नुसतं 'नमुना' म्हणते. कल्पना साधी आहे. कामगाराने केलेलं काम त्याच्याच मोबाइलवर, त्याच्याच मालकीचं असावं. ज्याने काम करून घेतलं त्याने अंगठा देऊन खात्री करायची, सोबत काम केलेल्या दोघांनी साक्ष द्यायची, आणि मग ती नोंद ब्लॉकचेनवर जाऊन बसायची. म्हणजे एकाच वेळी इतक्या संगणकांवर, की एकाने खोडायला घेतली तर बाकीचे बोंब मारतात. उद्या कारखाना बंद पडला, फोरमन रिटायर झाला, टाइम ऑफिसातल्या हजेरीवह्यांना वाळवी लागली, तरी माणूस गुजरातेत जाऊन मोबाइल पुढे करील आणि हिरवी खूण दाखवील. कुणाच्या चिठ्ठीची, शिफारशीची, हातापाया पडण्याची गरज नाही. हे सगळं मी लोकांना इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगू शकेन. आज पहिल्यांदा पडद्यावरच्या नोंदी पक्क्या व्हायच्या होत्या. मी मूळची केजची, साखर कारखाना केजच्या जवळचा, बोली माझी, म्हणून मला पाठवलं होतं. हंगाम संपला होता, गाळप थांबलं होतं, बॉयलर उघडून त्याच्या नळ्या दुरुस्त करण्याचे दिवस होते. सगळे कामगार एका जागी सापडतील, असा विचार. विजयसिंहांनी सकाळपासून दोनदा फोन करून सांगितलं होतं की संध्याकाळच्या आत यादी वर चढायला हवी, दिल्लीची पैसे गुंतवणारी माणसं बघणार आहेत.

रामप्रसाद बॉयलरचे फोरमन. अंगठा त्यांचा. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले आणि विचारलं, हा काय प्रकार आहे. त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "प्रकार कशाचा, ताई. तुमी हितल्याच ना? सोपानराव कारखान्याचे सभासद. शेअरवर पोराला नोकरी लागली. पोराला आगीजवळ बसवंना. त्यानं आपल्या नावावर जाकीरला घातलं. पगार शहादेवच्या खात्यात, त्यातला जाकीरचा जाकीरला. सगळ्या कारखान्यात असंच हाय." मी म्हटलं, हजेरीच्या मस्टरवर सही कुणाची? "शहादेवची. महिन्याला येऊन करून जातो." गेटवर? "गेटवाल्याला म्हाईत हाय की. हेल्मेटवर बी शहादेवच लिवलंय." मग तुम्ही त्याला काय म्हणता, हे विचारायचं मला सुचलं नसतं, पण ते आपणहून म्हणाले, "कामावर शहादेव म्हणतो. गावात भेटला तर जाकीर." ते हे असं सांगत होते की जणू प्रत्येक माणसाचं कामावरचं एक आणि गावातलं एक अशी नावं असतातच. मळीचा आंबट वास येत होता. मी विचारलं, मग अंगठा कुणासाठी देणार? "मस्टरला हाय त्याच्यासाठी," रामप्रसाद म्हणाले. "माझ्या अंगठ्याला मस्टर दिसतं. दुसरं दिसून चालत न्हाई."

मी तिथेच उभी राहिले. ते आत गेले. मला राग आला होता, पण कुणाचा ते कळेना, म्हणून तो माझ्याच अंगावर फिरत राहिला. हा नमुना माझ्या डोक्यात कसा आला ते मी कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही. सादरीकरणात मी स्थलांतरित कामगारांचा नकाशा दाखवते. खरं कारण असं की लग्नाआधी मी सायली होते. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं, प्रियदर्शनी, सासूबाईंना आवडलेलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डिग्री सायलीची. पहिली नोकरी सायलीची. दुसरी नोकरी प्रियदर्शनीची. मग लग्न मोडलं, आडनाव परत आलं, नाव तेवढं राहिलं, कारण तोवर सगळीकडे तेच होतं. एका मुलाखतीत समोरच्या पोराने माझे कागद उलटेपालटे करून मोठ्या सज्जनपणे विचारलं होतं, "मॅडम, ही सायली कोण? तुमची बहीण का?" त्या दिवशी घरी येऊन मी प्रतिज्ञापत्रं काढून पसरली, राजपत्रातलं कात्रण काढलं, आणि मला वाटलं, केलेलं काम माणसाच्या अंगाला चिकटून राहावं अशी काहीतरी सोय पाहिजे. अजूनही रस्त्यात कुणी सायली म्हणून हाक मारली, मला नव्हे, दुसऱ्याच कुणाला, तरी माझी मान वळते. जाकीर उठला तेव्हा मला म्हणूनच हसू आलं नाही. पण माझी दोन्ही नावं माझीच होती. त्याचं चौदा वर्षं वापरलेलं नाव पांढऱ्या शर्टात दाराजवळ बसलं होतं.

जाकीर नळावर तोंड धूत होता. मी गेले. जवळून पाहिल्यावर त्याच्या हातांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग दिसले, मनगटापासून कोपरापर्यंत. मी म्हटलं, तुमचं काम दुसऱ्याच्या नावावर चढतंय, कायमचं, हे तुम्हाला माहीत आहे ना. तो शर्टाच्या बाहीने तोंड पुसत म्हणाला, "चढू द्या मॅडम. करून टाका." मी म्हटलं, कायमचं म्हणजे नंतर बदलता येणार नाही. "म्हाईत हाय. तुमी सकाळी सांगितलं, मी ऐकलं." मग त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली घेतला. "माझं नाव लिवलं, तर विचारत्याल, मग येवढी वर्षं आत कोण होता? शेख जाकीर ख्वाजा, शहादेव नाव लावून आत शिरला. कावून शिरला? आत्ताचे दिवस तुमाला म्हाईत हायेत. पेपरात द्यायला एवढं लई झालं. पोरगी शाळंत जाती माझी." पोरीचं नाव अदिबा, हे त्याने मी न विचारता सांगितलं, आणि सांगताना तेवढा एकदाच हसला. त्याची भीती मला खोटी म्हणता येईना. मी भीतीसाठी नमुन्यात रकाना ठेवला नव्हता.

खरं म्हणजे खोट्या हजेरीबद्दल माझं मत कधीच पक्कं झालेलं नाही. शाळेत माझ्या बाकावर रोहिणी बसायची. दिवाळी झाली की तिचे आईबाप तिला घेऊन ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळा लागता लागता परत यायचे. बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा रोहिणीचं नाव आलं की आमच्यातली कुणीतरी "हजर" म्हणायची, आवाज जरा बदलून. बाई वर बघायच्या नाहीत. नाव कापलं गेलं तर पोरगी शाळेतून जाईल, हे त्यांनाही माहीत आणि आम्हालाही. आम्ही सगळ्यांनी मिळून तिची जागा धरून ठेवली होती, आणि मला आजही ती गोष्ट वाईट वाटत नाही. पण रोहिणी परत आली तेव्हा ती हजर असलेल्या महिन्यांत झालेला भागाकार तिला येत नव्हता, आणि आता तो तिला कुणी शिकवणार नव्हतं, कारण पटावर ती होती. ती मागच्या बाकावर जाऊन बसली आणि पुढे तिथेच राहिली. मी व्हरांड्यात उभी राहून हे आठवत होते आणि मोबाइल थरथरत होता. विजयसिंह होते. मी थोडक्यात सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "प्रियदर्शनी, आपण सत्य नोंदवत नाही. देणाऱ्याने जे दिलं ते जसंच्या तसं नोंदवतो. खरंखोटं ही देणाऱ्याची जबाबदारी. हे वाक्य तुझंच आहे." वाक्य माझंच होतं. पहिल्या पानावर होतं. मी "हो सर" म्हटलं आणि फोन ठेवला, आणि आत जाताना मनाशी ठरवूनही टाकलं की यादी जशी आहे तशी चढवायची. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना अंग चोरावंसं वाटतं, पण तसं वाटलं होतं.

आत शहादेवने माझ्यासाठी स्पेशल चहा सांगितला होता. माणूस वाईट नव्हता. त्याचं केजला खतबियाण्यांचं दुकान होतं, बोलणं गोड होतं, आणि लपवाछपवी त्याच्या स्वभावात नव्हती. "मॅडम, मी काय वेल्डिंग करणार न्हाई कुठं," तो हसत म्हणाला. "मला कंत्राटदाराचं लायसन काढायचंय. दुरुस्तीची कामं घ्यायची, चार कारखान्यांची. अनुभवाचा पुरावा मागतेत. तुमच्या हिरव्या खुणेवर काम होतंय." आणि काम कोण करणार? "हा हाय की," त्याने जाकीरकडे मान वळवली, "माझ्याच हाताखाली. याला काय कमी पडू देतो मी?" जाकीर भिंतीकडे बघत होता. मला ते सगळं एकदम समोर दिसलं: जाकीरची चौदा वर्षं लायसन होऊन शहादेवच्या टेबलाच्या काचेखाली बसतील आणि त्याच चौदा वर्षांच्या जोरावर शहादेव जाकीरला रोजावर ठेवील. आणि मधोमध माझी हिरवी खूण, जी कुणाला खोडता येणार नाही, जिच्यासाठी मी दोन वर्षं झोप उडवून घेतली. मी चहाचा कप बाजूला सारला. तरीही मी टॅब पुढे केला. बोटं आपलं काम करत होती.

रामप्रसादांनी अंगठा दिला. आता साक्षी. नमुना विचारतो, यांच्यासोबत काम केलेले दोघं कोण? टाइम ऑफिसातला शहादेवचा दोस्त लगेच पुढे आला आणि साक्ष देऊन मोकळा झाला. मग मी म्हटलं, अजून एक. कॅन्टीनमध्ये एवढी माणसं होती, मघाशी पोट धरून हसणारी. आता कुणी आपल्या कपात बघत होतं, कुणी पंख्याकडे. हसायला सगळे तयार होते, साक्षीला कुणी नाही. शहादेवने एकेकाकडे पाहिलं आणि त्याचं हसू जरासं आखडलं. मला वाटलं, कुणी उठू नये. मग वाटलं, कुणीतरी उठावं आणि हे संपावं. आणि मग मागच्या बाकावरून जाकीर उठला. चालत पुढे आला आणि म्हणाला, "आणा, मी देतो." साक्षीदार मस्टरवरचा असला पाहिजे अशी अट मी मुद्दाम ठेवली नव्हती, रोजंदारीवरच्यांचा विचार करून. मी त्याचा फोटो घेतला, त्याने नाव सांगितलं, मी टाकलं. शेख जाकीर ख्वाजा. त्या कारखान्याच्या कुठल्याही नोंदीत हे नाव पहिल्यांदा येत होतं, आणि ते कशासाठी येत होतं हे मला दिसत होतं.

पडद्यावर पुढचा प्रश्न आला. 'मी यांच्यासोबत काम केलं ते कोण म्हणून': वरिष्ठ, सहकारी, हेल्पर, शिकाऊ. जाकीरचं बोट वर थांबलं. शहादेव त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. "हेल्पर टाक," तो सहज म्हणाला. जाकीरने बोट खाली आणलं नाही. "टाक की बे." जाकीर हळू आवाजात म्हणाला, "हेल्पर मी कवा होतो?" शहादेवला खरंच नवल वाटलं. "अरे लिवण्यापुरतं. मग काय वेल्डर टाकतो का? एका जागेवर दोन वेल्डर कसे दिसतील?" त्याचं म्हणणं बिनतोड होतं. नोंदीत वेल्डर एकच होता. रामप्रसाद दाराबाहेर बघत उभे होते. जाकीर पडद्याकडे बघत राहिला, इतका वेळ की पडदा अंधारला आणि मला बोट लावून तो पुन्हा उजळवावा लागला. त्याला आपलं काम शहादेवच्या नावावर द्यायला हरकत नव्हती. ते तो रोजच देत आला होता, हेल्मेटसकट. पण हाताखालचा म्हणून स्वतःच्या नावाने स्वतःलाच लिहायचं, एवढं मात्र त्याच्याने होईना. त्याने टॅब माझ्या पुढ्यात ठेवला, अगदी सांभाळून, तापलेली वस्तू ठेवतात तसा.

"न्हाई देत," तो म्हणाला.

"जाकीर," शहादेव म्हणाला. आवाज अजून गोडच होता. "इचार कर. उद्या मी दुसरा माणूस घातला तर घरी बसशील."

"बसतो."

शहादेवने माणसांकडे वळून विचारलं, दुसरं कोण देतंय साक्ष. कुणी उठलं नाही. तो नावं घेऊन विचारायला लागला, आणि ज्याचं नाव घेई तो काहीतरी कारण सांगे, एकाला शिफ्टला जायचं होतं, एकाचा मोबाइल घरी राहिला होता. त्यांनी जाकीरची बाजू घेतली असं मी म्हणणार नाही. ते फक्त बसून राहिले. साक्षीवाचून नोंद पुढे जात नव्हती. मघाशी मी जे करायला निघाले होते ते आता मला करायचं म्हटलं तरी करता येत नव्हतं. मी शहादेवची नोंद वगळली. खालची नावं एकेक ओळ वर सरकली आणि मध्ये जागा राहिली नाही. मला धीट झाल्यासारखं वाटायला हवं होतं, पण लाज वाटत होती, कारण यातलं काहीच मी केलेलं नव्हतं. शहादेव बाहेर जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलायला लागला, आणि माझ्याही मोबाइलवर विजयसिंहांचं नाव चमकून गेलं. मी तो पालथा घातला.

जाकीर अजून टेबलापाशीच उभा होता. "मॅडम, त्यात शिकाऊ पण हाय ना? मघाशी दिसलं." मी म्हटलं, आहे. "मग मला लिवा. शिकाऊ." मला कळायला वेळ लागला. मी म्हटलं, तुम्ही चौदा वर्षं बॉयलरच्या नळ्या जोडता आहात. "त्या शहादेवनं जोडल्या," तो म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता, हिशेब होता. "मी कुठं होतो आत? कुणी विचारलं तर सांगता येतंय, आजपासून आलोय, नवा हाय. मग भ्याचं कारण न्हाई. पुढं परीक्षा असंल ती देतो. लोक अठराव्या वर्षी लागतेत, मी जरा उशिरा लागलो." मी रामप्रसादांकडे पाहिलं. शिकाऊ घ्यायचा अधिकार फोरमनला असतो, मस्टरवर नाव लागत नाही. "चाळिशीचा शिकाऊ," ते पुटपुटले, "लोक हसत्याल मला." मग बाहेर उभ्या शहादेवच्या पाठीकडे बघून ते टेबलाजवळ आले आणि जाकीरच्या तोंडाकडे न बघता त्यांनी अंगठा दाबला.

मी लिहायला घेतलं. शेख जाकीर ख्वाजा. शिकाऊ वेल्डर. अनुभवाचा रकाना रिकामा सोडता येत नाही. तशी सोय मीच केली होती, कुणी चुकवून पुढे जाऊ नये म्हणून. मी थांबले. जाकीरने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "शून्य टाका." मी शून्य टाकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याचा संताप आला, कारण रडायचा हक्क त्या टेबलापाशी माझा नव्हता. शून्य अनुभवाला साक्षीदार लागत नाही. मी बटण दाबलं, चक्र फिरलं, बराच वेळ फिरलं, तिथं नेटवर्क तसं कमीच, आणि मग त्याच्या नावापुढे हिरवी खूण आली. तो पडद्यावर वाकला. ओठ हलवत त्याने नाव पूर्ण वाचलं, बापाच्या नावासकट, आणि त्यापुढचं शून्यही वाचलं.

"हे आता कुणाला पुसता येत न्हाई ना?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.